मोठी रासायनिक कंपनी कोणती, हे उलाढालीवरून का कळत नाही

रसायन अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: जगातल्या आघाडीच्या रासायनिक कंपन्यांवर प्रोजेक्ट करतोय, पण एका यादीत जर्मनीची बीएएसएफ पहिली दिसते, दुसरीत चीनची सिनोपेक, तिसरीत औद्योगिक वायू बनवणारी लिंडे. मग खरी मोठी कोण, आणि यादी कोणती धरायची?

माझी सगळी नोकरी परचेसमध्ये झाली. शीतगृहांची पॅनेल्स आणि गाद्यांचा फोम बनवणाऱ्या कारखान्यांसाठी कच्चा माल आणायचा, हे काम. त्यामुळे कंपनी केवढी आहे यापेक्षा तिच्यावाचून आपलं किती अडतं, हे बघायची सवय लागली. उत्तरही त्याच अंगाने देतो.

आधी याद्यांचा घोळ. तिन्ही याद्या आपापल्या जागी बरोबर आहेत, मोजमाप वेगळं आहे एवढंच. अमेरिकन केमिकल सोसायटीचं ‘केमिकल अँड इंजिनिअरिंग न्यूज’ दरवर्षी पहिल्या पन्नास कंपन्यांची यादी काढतं. त्यात फक्त रसायनांची विक्री धरतात, पेट्रोल-डिझेल वगळतात. त्या यादीत बरीच वर्षं बीएएसएफ माथ्यावर असते आणि सिनोपेक, डाऊ तिच्या मागे. पुढे सॅबिक, एक्झॉनमोबिल, एलजी केम, फोर्मोसा, इनिऑस, लायन्डेलबॅसेल, पेट्रोचायना, मित्सुबिशी केमिकल, लिंडे, एअर लिक्विड ही मंडळी जागा बदलून येत-जात राहतात. सिनोपेकचा सगळा व्यवहार धरला, म्हणजे रिफायनरी आणि पेट्रोलपंपांसकट, तर ती कुणालाच आवरणार नाही. आणि शेअर बाजारातलं मूल्य धरलं तर लिंडे सगळ्यांना मागे टाकते, विक्री बीएएसएफच्या निम्म्याच्या आसपास असूनही.

रिलायन्सचं विचाराल तर तिची पंचाईत वेगळीच. रिफायनरी आणि पेट्रोकेमिकल्स त्यांनी ‘ऑइल टू केमिकल्स’ या एकाच खात्यात घातली आहेत, त्यामुळे निव्वळ रसायनं किती हे बाहेरच्या माणसाला अंदाजानेच काढावं लागतं. यादीतला तिचा क्रमांक बघताना हे लक्षात असू द्या.

उलाढालीच्या आकड्यात आणखी एक खोट आहे. बीएएसएफची विक्री २०२२ मध्ये ८,७०० कोटी युरोच्या वर गेली आणि २०२३ मध्ये ६,९०० कोटींच्या आत आली. एका वर्षात कंपनीचा पाचवा हिस्सा विकला गेला असं काही झालं नाही. रशिया-युक्रेन युद्धानंतर गॅस आणि कच्चा माल महागला, भाव चढले, विक्री फुगली. मग भाव उतरले, मागणीही बसली. नॅफ्था, म्हणजे कच्च्या तेलातून निघणारा पेट्रोकेमिकल्सचा कच्चा माल, महाग झाला की त्यापासून बनणारं सगळंच महाग होतं आणि कंपनी कागदावर वाढते. नफा त्याच वेळी घटत असू शकतो. पेट्रोकेमिकल कंपन्यांची वाढ टनांत मोजलेली बरी.

आता बीएएसएफ पहिल्या नंबरवर का राहिली ते बघू, कारण ते कारण खरंच शिकण्यासारखं आहे. १८६५ मध्ये फ्रीडरिश एंगेलहॉर्नने कंपनी काढली ती रंगांसाठी, डांबरातून निघणाऱ्या ॲनिलिनपासून. १८९७ मध्ये त्यांनी कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि बिहार-बंगालच्या निळीच्या शेतीचा जागतिक बाजार पुढच्या काही वर्षांत आटला. १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबरने प्रयोगशाळेत हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला. कार्ल बॉशने तो कारखान्यात उतरवला आणि १९१३ मध्ये ओपाऊला प्लँट सुरू झाला. आज आपल्या शेतात पडणारा युरिया त्याच प्रक्रियेच्या जोरावर आहे. त्याच ओपाऊला १९२१ मध्ये खताच्या साठ्याचा स्फोट होऊन पाचशेहून अधिक माणसं गेली.

लुडविग्सहाफेनचा कारखाना सुमारे दहा चौरस किलोमीटरवर पसरला आहे. आत दोनेकशे प्लँट आणि त्यांना जोडणाऱ्या सुमारे २,८५० किलोमीटर पाइपलाइन. एका प्लँटची वाफ दुसऱ्याला, एकाचा उप-पदार्थ तिसऱ्याचा कच्चा माल. ते त्याला ‘फेरबुंड’ म्हणतात. एकत्र कुटुंबासारखंच ते: एकाच चुलीवर सगळ्यांचं भागतं, म्हणून खर्च कमी, आणि चूल विझली की सगळेच उपाशी.

ऑक्टोबर २०१७ च्या शेवटी तिथल्या सिट्रल प्लँटला आग लागली, ठरलेल्या शटडाऊननंतर तो पुन्हा सुरू करताना. सिट्रल म्हणजे लिंबाच्या वासाचा पदार्थ. गवती चहाच्या तेलात असतो तोच. पण कारखान्यात बनणाऱ्या सिट्रलचा मोठा भाग जीवनसत्त्व अ आणि ई, तसंच साबण-अत्तराच्या अनेक सुगंधी द्रव्यांसाठी जातो. बीएएसएफने फोर्स मॅज्योर, म्हणजे हाताबाहेरच्या कारणाने माल देता येणार नाही असं, जाहीर केलं आणि कोंबड्यांच्या खाद्यापासून साबणाच्या वासापर्यंत सगळ्यांचे भाव हलले. त्या अवाढव्य कंपनीच्या उलाढालीत सिट्रलचा हिस्सा नगण्य असेल, तरी जीवनसत्त्व विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने ती आग म्हणजेच सबंध बाजार होता.

फोर्स मॅज्योरचं पत्र कसं असतं ते सांगतो, कारण पुस्तकात ते फक्त कराराचं एक कलम म्हणून भेटतं. जेमतेम अर्धं पान. आमच्या नियंत्रणाबाहेरच्या कारणामुळे अमुक प्लँटचं उत्पादन थांबलं आहे, अमुक माल करारानुसार देता येणार नाही, अलोकेशन नंतर कळवू. पुन्हा सुरू व्हायची तारीख नसते. अलोकेशन म्हणजे मागच्या काही महिन्यांत तुम्ही त्यांच्याकडून जेवढं उचललंत त्याचे ठरावीक टक्के. म्हणजे मंदीच्या वर्षात दोन रुपये वाचवायला मुंबईच्या वडगादीतल्या ट्रेडरकडून स्पॉटवर, म्हणजे कराराशिवाय त्या दिवसाच्या भावाने, माल घेतलेला असेल, तर या वेळी तुमचं नाव रांगेत शेवटी. पत्र आल्याचं बाजाराला आपल्या आधीच कळलेलं असतं. सकाळी ट्रेडरला फोन लावावा तर तो ‘माल आहे, पण रेट दुपारी सांगतो’ म्हणतो. ते ऐकलं की समजायचं, आता किलोमागे किती चढतंय तेवढंच बघायचं उरलं.

माझ्या मते मोठेपण कंपनीगणिक मोजण्यापेक्षा रेणूगणिक मोजावं. एक पदार्थ घ्यायचा, तो जगात किती जण बनवतात ते बघायचं, आणि त्यातला एक बंद पडला तर बाकीचे भरून काढू शकतात का, हे विचारायचं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण मार्ल गावचं आहे. जर्मनीतली इव्होनिक पहिल्या दहांत क्वचितच दिसते. ३१ मार्च २०१२ ला मार्लच्या त्यांच्या प्लँटमध्ये स्फोट झाला, दोन कामगार दगावले. तिथे सायक्लोडोडेकाट्रायीन, थोडक्यात सीडीटी, बनत असे. सीडीटीपासून लॉरोलॅक्टम आणि त्यापासून नायलॉन-१२. हे नायलॉन गाडीच्या इंधनाच्या आणि ब्रेकच्या नळ्यांत लागतं, कारण ते पाणी फार कमी शोषतं आणि पेट्रोलला दाद देत नाही. जगातल्या नायलॉन-१२ चा मोठा हिस्सा इव्होनिक स्वतः बनवत होती, शिवाय ते बनवणाऱ्या दुसऱ्यांनाही तिच्याकडूनच कच्चा माल जात होता. म्हणजे परचेसच्या फाइलीत तीन पुरवठादार दिसत होते, पण मागे जाऊन बघितलं तर वाट एकाच टाकीकडे जात होती.

दोन-अडीच आठवड्यांत अमेरिकेत डेट्रॉइटजवळ ट्रॉय इथे गाडी कंपन्यांचे आणि त्यांच्या पुरवठादारांचे सुमारे दोनशे लोक एकत्र बसले. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे. प्रश्न एकच: पर्याय म्हणून दुसरं कुठलं नायलॉन चालेल, आणि त्याच्या चाचण्या सगळ्यांनी मिळून पटापट कशा उरकायच्या. नळी बदलायची म्हणजे महिनोन्‌महिने चाचण्या, गाडीच्या आराखड्यात बदल, सुरक्षेची मंजुरी. पर्यायांतला एक होता फ्रान्सच्या आर्केमाचं नायलॉन-११. ते खनिज तेलापासून होत नाही, एरंडेलापासून होतं, आणि जगातला बहुतेक एरंड आपल्या गुजरातेत पिकतो. जर्मनीत स्फोट, अमेरिकेत बैठक, आणि उत्तराचा एक भाग मेहसाणा-पाटणच्या शेतात. उलाढालीच्या यादीत हे कुठेच सापडणार नाही.

माझ्या रोजच्या कामातला माल म्हणजे एमडीआय. शीतगृहाच्या पॅनेलमध्ये, फ्रिजच्या भिंतीत जो कडक पिवळसर फोम असतो त्याचा निम्मा भाग हा. तपकिरी, काकवीसारखं दिसणारं द्रव्य, २५० किलोच्या ड्रममध्ये येतं. पाण्याशी त्याचं वैर. पावसाळ्यात बूच नीट लागलं नाही तर वर पापडी धरते, आणि आत पाणी शिरलं तर कार्बन डायऑक्साइड सुटून ड्रम फुगतो. न्हावाशेव्याहून आलेल्या कंटेनरमध्ये असा एक ड्रम दिसला की गोडाऊनवाले त्याच्यापासून चार हात लांब उभे राहतात, आणि ते बरोबरच करतात.

एमडीआयचा जगातला बहुतेक पुरवठा पाच जणांच्या हातात आहे: चीनची वानहुआ, बीएएसएफ, कोव्हेस्ट्रो, अमेरिकेच्या हंट्समन आणि डाऊ. इतके कमी का? कारण वाटेत फॉस्जीन लागतो. पहिल्या महायुद्धात विषारी वायू म्हणून वापरलेला तोच. तो टँकरने आणायची सोय नाही. जिथे बनवायचा तिथेच, त्याच क्षणी वापरून टाकायचा. त्यासाठी शेजारी क्लोरीन हवा, कार्बन मोनॉक्साइड हवा, ॲनिलिन हवं, निघालेल्या हायड्रोक्लोरिक ॲसिडचं काय करायचं याची सोय हवी, आणि सरकारची परवानगी हवी. पैसा आहे म्हणून उद्या कुणी एमडीआयमध्ये उतरतो म्हणेल तर त्याला पाच-सात वर्षं सहज जातील.

एमडीआय हे आयसोसायनेट गटातलं, आणि आयसोसायनेटचं नाव निघालं की आपल्याकडे भोपाळ आठवतंच. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकीतून जे सुटलं ते मिथाइल आयसोसायनेट, एमडीआयच्या भाऊबंदांपैकी पण कितीतरी पटींनी घातक. सुमारे ४० टन एका टाकीत साठवलेलं. मधल्या टप्प्यावरचा पदार्थ एवढा साठवून ठेवायची गरजच नव्हती, तो लागेल तसा बनवता येतो, हा धडा जगभरच्या कारखान्यांनी त्यानंतर घेतला. डाऊने २००१ मध्ये युनियन कार्बाइड विकत घेतली. भोपाळची जबाबदारी आपल्याकडे येत नाही ही त्यांची भूमिका कोर्टात काहीही ठरो, कंपनीसोबत तिचा इतिहास फुकट सोडून देता येत नाही असं मला वाटतं. प्रोजेक्टमध्ये डाऊचं पान लिहाल तेव्हा हे वगळू नका.

डाऊची दुसरी गोष्ट मात्र परचेसवाल्यांच्या आवडीची. १८९७ मध्ये डाऊ केमिकल काढणाऱ्या हर्बर्ट डाऊने मिशिगनच्या मिडलंड गावात खाऱ्या पाण्यातून ब्रोमीन काढून धंदा उभा केला. जर्मन कार्टेल, म्हणजे मिळून भाव ठरवणारे उत्पादक, ब्रोमीन ४९ सेंट पौंडाने विकायचं, डाऊने युरोपात ३६ सेंटला द्यायला सुरुवात केली. चिडून जर्मनांनी अमेरिकेत १५ सेंटला, म्हणजे तोट्यात, माल ओतला. डाऊने गुपचूप माणसं लावून तोच माल विकत घेतला, पुन्हा पॅक केला आणि २७ सेंटने युरोपात विकला. जर्मन बराच काळ हिशेब लावत बसले की अमेरिकेत एवढं ब्रोमीन खपतंय तरी कुठे. डम्पिंगवर इतका मजेदार तोडगा मी दुसरा ऐकला नाही.

आता वानहुआ. तिची कथा युरोपीय कंपन्यांनी वाचावी अशी आहे. १९७०च्या दशकाच्या शेवटी चीनच्या यानताई शहरात कृत्रिम चामड्याचा सरकारी कारखाना निघाला. त्यासाठी एमडीआय हवं म्हणून जपानकडून जुनाट तंत्र घेतलं; नवं तंत्र कुणी देईना. मग त्यांनी स्वतःच घासून घासून तंत्र उभं केलं. २०११ मध्ये हंगेरीची बोर्सोडकेम त्यांनी घेतली, आणि आज एमडीआयमध्ये जगात पहिला नंबर त्यांचा, क्षमता वर्षाला ३० लाख टनांच्या वर. तंत्र नाकारणाऱ्यांचेच गिऱ्हाईक आता त्यांच्याकडे आहेत.

उलट टोकाला बीएएसएफचा लुडविग्सहाफेनचा टीडीआय प्लँट. टीडीआय म्हणजे गादीच्या मऊ फोमचा कच्चा माल. वर्षाला तीन लाख टनांचा हा प्लँट २०१५ मध्ये सुरू झाला, शंभर कोटी युरोच्या घरात खर्च करून. पुढच्या वर्षी त्याच्या रिॲक्टरने दगा दिला. २०१७ मध्ये त्यातून डायक्लोरोबेन्झीन या नको असलेल्या रसायनाचं प्रमाण जास्त असलेला सुमारे ७,५०० टन माल गिऱ्हाइकांकडे पोचला आणि युरोपात फोम, गाद्या अडकून पडल्या. त्या काळात टीडीआयचे भाव असे भडकले की भरुच आणि दहेजला टीडीआय बनवणाऱ्या आपल्या जीएनएफसीच्या नफ्याला मोठी उचल मिळाली. आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये बीएएसएफने तो प्लँट बंदच करायचं ठरवलं, सोबत एक अमोनिया प्लँट आणि कॅप्रोलॅक्टमचाही, म्हणजे नायलॉनच्या कच्च्या मालाचा. आठ वर्षं पुरी झाली नव्हती. त्याच वेळी दक्षिण चीनच्या झानजियांगमध्ये दहा अब्ज युरोपर्यंतचं नवं फेरबुंड उभं राहत होतं.

याचं मूळ कच्च्या मालात आहे. इथिलीन, म्हणजे प्लॅस्टिकचा मूळ कच्चा माल, बनवायला युरोप आणि आशिया प्रामुख्याने नॅफ्था वापरतात, अमेरिका आणि आखात इथेन वायू. शेल गॅसनंतर अमेरिकेत इथेन मुबलक आणि स्वस्त झाला. नॅफ्थावाल्याला निदान प्रोपिलीन, ब्युटाडाइन असे जोडपदार्थ जास्त मिळतात, पण मंदीत तेवढ्याने भागत नाही. म्हणून युरोपातले जुने क्रॅकर, म्हणजे इथिलीन बनवणारे प्लँट, एकेक करून बंद होताहेत. एक्झॉनमोबिलने फ्रान्समधल्या ग्राव्हाँशाँचा २०२४ मध्ये बंद केला, डाऊने पूर्व जर्मनीतल्या बोएलेनचा २०२७ च्या शेवटी बंद करणार असं २०२५ मध्ये सांगितलं. आखातवाले उलट विकत घेत सुटले आहेत. सौदी अरामकोने २०२० मध्ये सॅबिकचे ७० टक्के शेअर ६,९१० कोटी डॉलरला घेतले. अबूधाबीच्या ॲडनॉकने २०२४ मध्ये कोव्हेस्ट्रोशी करार केला. म्हणजे बायरच्या पोटातून निघालेली, एमडीआय बनवणारी जर्मन कंपनी तेलवाल्यांच्या घरात निघाली. तेलाची मागणी कधीतरी उतरेल, तेव्हा ते तेल रसायनांत जिरवायचं, असा हा हिशेब.

लिंडेबद्दल विचारलं आहेस म्हणून थोडक्यात. ऑक्सिजन, नायट्रोजन लांबवर नेणं परवडत नाही, म्हणून स्टील प्लँटच्या किंवा रिफायनरीच्या कुंपणाला लागूनच गॅसचा प्लँट टाकतात आणि पंधरा-वीस वर्षांचा करार करतात. गॅस घेतला नाही तरी ठरलेली रक्कम द्यायचीच. अशा कंपनीचा नफा भावाच्या चढ-उताराने डोलत नाही, आणि शेअर बाजार त्यालाच किंमत देतो.

आपल्याकडचं चित्र? ट्रॉम्बेला युनियन कार्बाइडचा आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोसिलचा, हे साठच्या दशकातले नॅफ्था क्रॅकर आता इतिहासजमा झाले. कोलशेतचं बायर, मुलुंडचं हेक्स्ट, जुन्या ठाणेकरांच्या तोंडी राहिलेली नावं. धंदा दहेज-हजिरा-जामनगरकडे सरकला. आणि एवढा मोठा देश असून एमडीआयसाठी आपण अजून आयातीवर आहोत. दुसरीकडे फिनॉलचं बघा: दीपक फिनॉलिक्सचा दहेजचा दोन लाख टनांचा प्लँट २०१८ च्या शेवटी सुरू झाला आणि वर्षानुवर्षं आयातीवर चालणारा बाजार थोड्या काळात पालटला. जागतिक पन्नासांत हे नाव नाही, पण फिनॉल घेणाऱ्या इथल्या कारखानदाराला विचारा, त्याच्यासाठी आघाडीची कंपनी कोणती.

तेव्हा पन्नास कंपन्यांचा तक्ता करण्यात वेळ घालवू नकोस. तीन-चार पदार्थ निवड, एमडीआय घे, सिट्रल घे, नायलॉन-१२ घे, आणि प्रत्येकाचे जगातले सगळे उत्पादक, त्यांच्या जागा आणि कच्च्या मालाचा उगम शोध. माहिती कुठून मिळेल? महागडे मार्केट रिपोर्ट घेऊ नकोस, त्यातले बरेचसे एकमेकांवरून उतरवलेले असतात. केंद्र सरकारच्या व्यापार उपाय महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीटीआरचे, अँटी-डम्पिंगचे निकाल फुकट वाचायला मिळतात. टीडीआयच्या प्रकरणात अर्जदार जीएनएफसी, समोर परदेशी उत्पादक आणि आयातदार, प्रत्येकाचं म्हणणं नावानिशी. गोपनीय आकड्यांच्या जागी तारे असतात, पण कोण कुणाकडून घेतो आणि कोण कशावर चिडलाय हे स्वच्छ कळतं. दुसरी जागा म्हणजे परिवेश पोर्टल: पर्यावरण मंजुरीसाठी कारखान्यांनी दिलेल्या अहवालांत पदार्थागणिक क्षमता, कच्चा माल, प्रक्रियेची रेखाकृती, सांडपाण्याचा हिशेब, सगळं असतं. तारापूर, लोटे किंवा महाडचा एखादा अहवाल उघड आणि त्यातल्या कच्च्या मालाच्या तक्त्यापासून सुरुवात कर.